जन्माच्या रकान्यात

तेर्स संपला की माय पुस्तक माझ्या मांडीवर ठेवते
आणि दिवा जवळ सरकवते.
तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मडगावच्या डॉक्टरनं तारीख दिली होती,
तिनं ती फेस्ताच्या पलीकडं ढकलली.
तोवर डोळे माझे.

अक्षरं रोमी, भाषा कोंकणी,
आणि वाचणारी मी, पेडण्याच्या मराठी शाळेत
बाराखडी घोटलेली कालिंदी.
पहिल्या वर्षी शब्दाशब्दाला ठेचकाळायचे.
माय हसायची नाही. थांबायची.
प्रेम धीर धरतं, असं पुस्तकात आहे;
ते वाचायलाही मला तेव्हा पाच मिनिटं लागली,
आणि ती पाचही मिनिटं ती थांबली.
(आमटीत मीठ कमी पडलं तर मात्र
एक क्षण थांबत नाही.)

कायतानशी मी लग्न केलं ते रजिस्ट्रारसमोर.
माय आली नव्हती. माझी आईही नव्हती आली.
तेवढ्यापुरत्या दोघी एका मताच्या.
मग तो जहाजावर चढला
आणि उतरली फक्त त्याची पेटी,
वर कुठल्याशा बंदराचा कागद चिकटवलेला,
आत माझ्यासाठी घेतलेलं घड्याळ. चालू.

महिन्याची मीस झाल्यावर माय म्हणाली,
बाय, तू अजून लहान आहेस. कुळारला जा.
पुस्तकात एक सून आहे, परक्या मुलखातली.
सासूनं परत जा म्हटल्यावर
केवढं मोठं उत्तर दिलं तिनं!
मला तसलं काही सुचलं नाही.
मी विचारलं, रात्रीला पेज करू की भात?

पुस्तक सगळंच मऊ नाही.
पहिल्याच घरात भावानं भावाला मारलंय.
पुढं कोणी आशीर्वाद पळवतो,
कोणी धाकट्याला व्यापाऱ्यांना विकून
बापापुढं रक्ताळलेला झगा टाकतात.
अख्ख्या पुस्तकात धड असं एक घर नाही,
म्हणूनच मला ते आमचं वाटतं.
बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, ही ओळ आली
की मायला नेमका खोकला येतो.

काल मी मध्येच अडकले.
का थांबलीस? तिनं विचारलं.
वाचावंच लागलं: तो सांगतो, मी शांती घेऊन आलो नाही,
लेकाला बापापासून तोडीन, सुनेला सासूपासून.
माय बराच वेळ गप्प.
तळ्याकाठच्या इगर्जीची घंटा झाली, तरी गप्प.
मग गदगदून हसली, कवळी सुटेपर्यंत.
"त्याला कशाला तसदी," म्हणाली,
"ते काम या घरानं आधीच उरकलं होतं."

आज तिनं पेन मागितलं.
मागच्या पानांवर घरातली नावं,
सासऱ्यांच्या वळणदार हातातली:
जन्म, लग्नं, मरणं.
थोरल्या ज्योकीमच्या नावावर निळी रेघ,
भाटाच्या खटल्यापासूनची.
वाटलं, मला लग्नांत लिहील.
अकरा वर्षं उशिरा, पण लिहील.
तिनं चाचपत एक पान मागं उलटलं.
"माय, हा जन्माचा रकाना."
"आंधळी झालेय, खुळी नाही."

एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं तिनं.
ओळ वाकडी होत वर वर चढली
आणि माझ्या नावाचं शेवटचं अक्षर
कायतानच्या नावाला जाऊन टेकलं.
मी पुसायला सांगितलं नाही.

मग म्हणाली, "ज्योकीम कुठं आहे? बोट ठेव."
मी तिचं बोट त्या रेघेवर ठेवलं.
किती वेळा क्षमा करायची ते पुस्तकात आकड्यानिशी दिलंय,
आणि हिशेबात माय कच्ची नाही.
बोट रेघेवरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"उद्या," ती म्हणाली.
"पेनाला झाकण लाव. वाळेल."